केंद्रातलं आघाडी सरकार आणि त्याचं मंत्रिमंडळ: सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसभेचा निकाल लागून शपथविधी झाला, की कराडच्या एसटी स्टँडपासून तासगावच्या बेदाणा सौद्यापर्यंत एकच विषय असतो: कुणाला कुठलं खातं मिळालं? या चर्चेत ऐकीव माहितीच जास्त असते. वाचनालयात, स्पर्धा परीक्षेच्या मुलांकडून आणि ऊस उत्पादकांच्या बैठकांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. २०२४ चे आकडे आणि नावं शपथविधी व पहिल्या खातेवाटपाच्या वेळची आहेत. नंतरचे फेरबदल धरलेले नाहीत.

आघाडीत जितके पक्ष, तितकी मंत्रिपदं वाढवता येतात का?

नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं कलम ७५ मध्ये भर घातली. पंतप्रधान धरून एकूण मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, असं बंधन आलं. लोकसभेच्या जागा ५४३, म्हणजे मर्यादा ८१. राज्यसभेतून आलेले मंत्रीही याच आकड्यात मोजले जातात. त्याआधी अशी मर्यादाच नव्हती. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंहांनी ९३ जणांचं मंत्रिमंडळ केलं होतं, कारण दुसऱ्या पक्षांतून फुटून आलेल्यांना सामावून घ्यायचं होतं. ही दुरुस्ती राज्यांनाही लागू झाली, म्हणून २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ४३ च्या वर मंत्री होत नाहीत.

शपथविधीच्या दिवशी मोदी सरकारमध्ये पंतप्रधान धरून २०१४ ला ४६, २०१९ ला ५८ आणि २०२४ ला ७२ मंत्री होते. २०२४ ला भाजपचं स्वतःचं बहुमत गेलं आणि आकडा सर्वांत मोठा झाला, हा योगायोग वाटत नाही. तरीही ९ जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. आघाडीत या मोकळ्या जागांनाही वजन असतं. ज्यांना काही मिळालं नाही त्यांना पुढच्या विस्ताराची आशा दाखवता येते.

कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री आणि राज्यमंत्री यांत फरक काय?

हा फरक समजला की अर्ध्याहून अधिक प्रश्न सुटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

कॅबिनेट मंत्री हा मंत्रिमंडळाच्या बैठकीला हक्कानं बसतो. कुठलाही विषय आला तरी त्याला मत मांडता येतं. स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री आपलं खातं स्वतः चालवतो, त्याच्यावर दुसरा मंत्री नसतो. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीला तो आपल्या खात्याचा विषय असेल आणि बोलावणं आलं तरच जातो. नुसता राज्यमंत्री एखाद्या कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली असतो. त्याला कोणत्या फाइली द्यायच्या हे तो वरचा मंत्री ठरवतो. "आमच्याकडे फाइलच येत नाही" ही राज्यमंत्र्यांची तक्रार कुठल्याही पक्षाच्या सरकारात ऐकायला मिळते.

२०२४ च्या ७२ जणांत पंतप्रधान धरून ३१ कॅबिनेट दर्जाचे होते, ५ स्वतंत्र कार्यभाराचे आणि ३६ राज्यमंत्री. धोरण ठरतं ते या ३१ जणांच्या टेबलावर. १९७५ ची आणीबाणी मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र्यांना सांगण्यात आलं. म्हणूनच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३५२ मध्ये लिहिलं गेलं की कॅबिनेटचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये.

त्यामुळे "आमच्या पक्षाला दोन मंत्रिपदं मिळाली" हे ऐकून लगेच खूश होऊ नये. दोन म्हणजे कोणती दोन, हे आधी विचारावं.

२०२४ मध्ये मित्रपक्षांच्या वाट्याला नेमकं काय आलं?

भाजपचे २४० खासदार निवडून आले आणि त्याच्या नेतृत्वाखालच्या एनडीए आघाडीचे एकूण २९३. बहुमताला २७२ लागतात. ७२ मंत्र्यांपैकी ११ मित्रपक्षांचे होते.

कॅबिनेटमध्ये पाच: तेलुगू देसमचे राममोहन नायडू (नागरी विमान वाहतूक), संयुक्त जनता दलाचे (जदयू) ललन सिंह (पंचायती राज, मत्स्य, पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय), लोकजनशक्ती पक्षाचे चिराग पासवान (अन्नप्रक्रिया उद्योग), जनता दल सेक्युलरचे कुमारस्वामी (अवजड उद्योग व पोलाद) आणि हिंदुस्थानी अवाम मोर्चाचे जीतनराम मांझी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग). स्वतंत्र कार्यभाराचे दोघे: राष्ट्रीय लोकदलाचे जयंत चौधरी (कौशल्य विकास) आणि शिवसेनेचे (शिंदे) प्रतापराव जाधव (आयुष). बाकीचे चौघे राज्यमंत्री: रामनाथ ठाकूर, चंद्रशेखर पेम्मासानी, अनुप्रिया पटेल आणि आपल्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आगळगावचे रामदास आठवले.

शिवसेनेच्या सात खासदारांना कॅबिनेट नाही आणि एकाच खासदाराच्या पक्षाला कॅबिनेट, हे कसं?

किती खासदारांमागे एक मंत्रिपद, याचा फॉर्म्युला कुठल्याही कायद्यात नाही. वाटाघाटीत अंदाजे आकडे फिरतात, पण शेवटी तीन गोष्टी भारी पडतात.

एक म्हणजे माणसाचं स्थान. एकाच खासदाराच्या पक्षाचे मांझी बिहारचे आणि कुमारस्वामी कर्नाटकचे मुख्यमंत्री राहिलेले. त्यांना राज्यमंत्री म्हणून शपथ घ्यायला लावणं अवघड. हाच मुद्दा अजित पवारांच्या राष्ट्रवादीनं पुढे केला. त्यांना स्वतंत्र कार्यभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं होतं, पण प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री होते, त्यामुळे खालची पायरी नको म्हणून त्यांनी ते घेतलं नाही आणि थांबायचं ठरवलं. दुसरी गोष्ट राज्य आणि समाज. तिथे निवडणूक कधी आहे, कोणत्या समाजाला प्रतिनिधित्व दिसायला हवं, याचा हिशेब होतो. आठवल्यांच्या पक्षाचा लोकसभेत एकही खासदार नाही, ते स्वतः राज्यसभेत आहेत. तरी २०१६ पासून सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री आहेत, ते याच हिशेबानं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: तुमच्याशिवाय सरकार टिकतं का? तेलुगू देसमचे १६ आणि जदयूचे १२ एकदम बाहेर पडले तर २९३ वरून २६५ होतात आणि बहुमत जातं. शिवसेनेचे ७ गेले तर जात नाही. शिवसेनेतून तेव्हा नाराजीचा सूर उघडपणे निघाला होता, आणि आकड्यांकडे पाहिलं तर ती नाराजी समजण्यासारखी आहे.

खातेवाटप कोण करतं? राष्ट्रपतींचा त्यात हात असतो का?

पंतप्रधानांच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपती मंत्र्यांची नेमणूक करतात आणि खातीही त्यांच्याच सल्ल्यानं जाहीर होतात. २०२४ मध्ये शपथ ९ जूनला झाली आणि खाती १० जूनला कळली. कागदावर सगळं पंतप्रधानांच्या हातात आहे. प्रत्यक्षात मित्रपक्षाचा मंत्री कोण असावा हे त्या पक्षाचा प्रमुख ठरवतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण दिनेश त्रिवेदींचं. तृणमूल काँग्रेसचे हे रेल्वेमंत्री. मार्च २०१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांनी प्रवासी भाडं वाढवलं. पक्षप्रमुख ममता बॅनर्जींना ते पटलं नाही, आणि चार दिवसांत त्रिवेदींना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी मुकुल रॉय आले. पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या मंत्रिमंडळातला मंत्री कोलकात्याहून बदलला गेला.

गृह, अर्थ, संरक्षण, परराष्ट्र ही खाती मित्रपक्षांना कधीच देत नाहीत, खरं का?

अलीकडच्या सरकारांबाबत खरं आहे. काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या यूपीए आघाडीच्या दोन्ही सरकारांत (२००४-१४) ही चारही खाती काँग्रेसकडे होती, २०१४ पासून भाजपकडे आहेत. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत पंतप्रधान आणि या चार खात्यांचे मंत्री बसतात, त्यामुळे तिथे मित्रपक्षाचा माणूस दिसत नाही.

पण "कधीच" हा शब्द चुकीचा. १९९६ च्या देवेगौडा सरकारात गृहमंत्री इंद्रजित गुप्त भाकपचे, संरक्षणमंत्री मुलायमसिंह यादव समाजवादी पक्षाचे, अर्थमंत्री पी. चिदंबरम तमिळ मानिला काँग्रेसचे. या तीन पक्षांचे लोकसभेतले खासदार अनुक्रमे १२, १७ आणि २०. पंतप्रधानांच्या जनता दलाचेच मुळात ४६ होते. वाजपेयींच्या काळातही संरक्षण खातं समता पक्षाच्या जॉर्ज फर्नांडिसांकडे होतं. सर्वांत मोठा पक्ष जितका लहान, तितकी मोठी खाती बाहेर जातात.

मग मित्रपक्षांना मिळणारी खाती दुय्यमच म्हणायची का?

दिल्लीच्या चष्म्यातून तशी वाटतात. सांगली-साताऱ्यातल्या शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा.

२०२४ च्या वाटपात ऊसपट्ट्याची सगळी सूत्रं भाजपकडे राहिली. साखर ज्या अन्न व सार्वजनिक वितरण खात्याकडे असते ते प्रल्हाद जोशींकडे, इथेनॉलचा व्यवहार ज्याच्याशी जोडलेला ते पेट्रोलियम हरदीपसिंग पुरींकडे, कृषी शिवराजसिंह चौहानांकडे. जुलै २०२१ मध्ये नव्यानं काढलेलं सहकार मंत्रालय तर थेट अमित शहांकडे, आणि त्यांच्या हाताखाली राज्यमंत्री पुण्याचे मुरलीधर मोहोळ. साखर कारखाने, जिल्हा बँका आणि सोसायट्यांच्या या पट्ट्यात सहकार खातं कुणाकडे आहे याला किती अर्थ आहे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू. गोठ्यातल्या म्हशीचा आणि दुधाचा विषय ललन सिंहांच्या खात्यात, म्हणजे जदयूकडे. द्राक्षाचा बेदाणा, हळदीची पावडर, टोमॅटोची प्युरी करायचा कारखाना काढायचा तर अन्नप्रक्रिया खातं, म्हणजे चिराग पासवान. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराचा विषय मांझींकडे. एकाच घरात मोठा भाऊ ऊस लावतो, धाकटा डेअरी चालवतो आणि पुतण्याचं वर्कशॉप असतं. त्या घराचे प्रश्न तीन वेगवेगळ्या पक्षांच्या मंत्र्यांकडे जातात.

साताऱ्याजवळ देगावला मार्च २०१८ मध्ये मेगा फूड पार्क सुरू झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्या वेळी अन्नप्रक्रिया मंत्री होत्या हरसिमरत कौर बादल, अकाली दलाच्या. २०१४ मध्ये त्या पक्षाचे लोकसभेत ४ खासदार होते, सगळे पंजाबातले. तेव्हा "किरकोळ खातं" म्हणण्याआधी त्या खात्याचा आपल्या तालुक्याशी काय संबंध आहे ते तपासावं, असं मला मनापासून वाटतं.

उसाची एफआरपी (कारखान्यानं द्यायचा किमान दर) कृषिमंत्री ठरवतो ना?

एकटा नाही. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो, अन्न खातं प्रस्ताव आणतं आणि मंजुरी देते आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती. या समितीचे अध्यक्ष पंतप्रधान. जुलै २०२४ मध्ये जी समिती नेमली गेली त्यात गडकरी, गोयल, चौहान, सीतारामन यांच्याबरोबर कुमारस्वामी आणि ललन सिंह हे मित्रपक्षांचे दोघेही होते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० असा दर ठरला तो याच समितीत. उतारा त्याच्यावर प्रत्येक ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा चांगला देणाऱ्या आपल्या भागाला ही वाढ महत्त्वाची. यातून तोडणी-वाहतूक वजा होते, हे शेतकऱ्याला माहीत आहेच.

म्हणून मंत्र्यांची यादी वाचताना तिच्यासोबत मंत्रिमंडळ समित्यांची यादीही वाचावी. ती काही आठवड्यांनी निघते, तोवर लोकांचं लक्ष उडालेलं असतं. खरं वजन तिथे दिसतं.

शरद पवारांना ९ खासदारांवर कृषी खातं कसं मिळालं?

२००४ आणि २००९, दोन्ही वेळा राष्ट्रवादीचे ९ च खासदार होते. पण महाराष्ट्रात काँग्रेसचं सरकार राष्ट्रवादीबरोबर होतं, आणि पवार स्वतः माजी मुख्यमंत्री, माजी संरक्षणमंत्री. दिल्लीतलं वाटप मुंबईतल्या वाटपाशी बांधलेलं होतं.

त्यांच्याकडे नुसती शेती नव्हती. २००४ पासून जानेवारी २०११ पर्यंत कृषीबरोबर ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरणही होतं. म्हणजे पिकाचा हमीभाव आणि साखरेचा कारभार एकाच टेबलावर. उसाची जुनी वैधानिक किमान किंमत जाऊन एफआरपी आली ती २००९ मध्ये, याच काळात. एका मित्रपक्षाकडे इतका सलग विषय जाणं दुर्मीळ. २०११ च्या फेरबदलात अन्न खातं काढून घेतलं गेलं आणि त्यांना अन्नप्रक्रिया मिळालं.

२००९ ते २०१४ ते माढ्याचे खासदार होते. फलटण आणि माण हे साताऱ्याचे दोन विधानसभा मतदारसंघ माढ्यातच मोडतात. त्या पाच वर्षांत या दोन तालुक्यांचा खासदारच देशाचा कृषिमंत्री होता.

यशवंतराव चव्हाण उपपंतप्रधान झाले, ते सरकार आघाडीचं होतं का?

हो, आणि आपल्या भागानं हा इतिहास नीट माहीत करून घ्यायला हवा. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कराडला घडलेल्या या नेत्यानं संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र ही चारही मोठी खाती सांभाळली, ती काँग्रेसच्या एकपक्षीय सरकारांत. आघाडीचा अनुभव त्यांना आला १९७९ मध्ये.

जनता पक्षाचं सरकार अंतर्गत भांडणांनी पोखरलं होतं. जुलै १९७९ मध्ये यशवंतरावांनी, विरोधी पक्षनेते म्हणून, मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास ठराव आणला. पक्षातून गळती सुरू झाली आणि १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चौधरी चरणसिंह पंतप्रधान झाले, त्यांच्या जनता पक्ष (सेक्युलर) आणि यशवंतरावांच्या काँग्रेसच्या आघाडीवर. यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. त्यांच्याच बाजूचे सी. सुब्रमण्यम संरक्षणमंत्री, तर अर्थ खातं हेमवतीनंदन बहुगुणांकडे.

या सरकारला इंदिरा गांधींच्या काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता आणि सगळा डोलारा त्यावरच उभा होता. लोकसभेत बहुमत सिद्ध करायची वेळ आली तेव्हाच तो काढून घेतला गेला. २० ऑगस्टला चरणसिंहांनी राजीनामा दिला. पंतप्रधान लोकसभेला एकदाही सामोरे जाऊ शकले नाहीत असं हे एकमेव सरकार, आणि पुढे जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू म्हणून चाललं. त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा गांधींची लाट असतानाही साताऱ्यानं यशवंतरावांना निवडून दिलं.

खाती मोठी, माणसं अनुभवी, पण खाली आकड्यांचा पाया नाही. मंत्रिमंडळाची यादी पाहून सरकारची ताकद मोजणाऱ्यांनी १९७९ ची यादी जरूर पाहावी.

उपपंतप्रधानाला वेगळे अधिकार असतात का?

घटनेत हे पदच नाही. १९८९ मध्ये देवीलालांनी "उपपंतप्रधान" म्हणून शपथ घेतली, त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं की ते इतर मंत्र्यांसारखेच एक मंत्री आहेत. मान मोठा, अधिकार खात्यापुरता.

बाहेरून पाठिंबा देणाऱ्या पक्षाला काय मिळतं?

मंत्रिपद नाही, पण दबाव ठेवता येतो आणि सरकारच्या चुकांची जबाबदारी अंगावर येत नाही. २००४ मध्ये डाव्यांनी हेच केलं. मंत्री दिले नाहीत, लोकसभेचं अध्यक्षपद मात्र सोमनाथ चटर्जींकडे गेलं. १९९९ मध्ये तेलुगू देसमनं २९ खासदार असून मंत्रिपद घेतलं नाही, अध्यक्षपदी त्यांचे जी. एम. सी. बालयोगी होते. अध्यक्षपद हलकं समजू नये: विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी आणि पक्षांतराच्या प्रकरणांत सगळं त्या खुर्चीपाशी येऊन थांबतं.

एक मित्रपक्ष बाहेर पडला की सरकार पडतं का?

आकड्यांवर अवलंबून. १७ एप्रिल १९९९ ला अण्णाद्रमुक बाहेर पडल्यानंतर वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मतानं पडलं. २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डावे गेले, पण समाजवादी पक्ष धावून आला आणि २२ जुलैला सरकार २७५ विरुद्ध २५६ नं वाचलं. २०१२ मध्ये तृणमूल गेली, २०१३ मध्ये द्रमुक गेला, तरी मनमोहन सिंगांचं सरकार मुदत पूर्ण करून गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शिवसेनेचे अरविंद सावंत आणि सप्टेंबर २०२० मध्ये शेती कायद्यांवरून हरसिमरत बादल राजीनामा देऊन बाहेर पडल्या, तेव्हा भाजपकडे एकट्याच्या ३०३ जागा होत्या. कुणाला फरक जाणवला नाही.

मित्रपक्षाच्या मंत्र्याला सरकारच्या निर्णयाविरुद्ध बोलता येतं का?

बैठकीत हवं तेवढं. बाहेर नाही. कलम ७५ प्रमाणे सगळं मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं, त्यामुळे निर्णय पटला नाही तर राजीनामा हाच मार्ग.

सांगलीचे खासदार २०२४ ला अपक्ष निवडून आले. अपक्ष मंत्री होऊ शकतो का?

होऊ शकतो. मेनका गांधी अपक्ष निवडून येऊन वाजपेयी सरकारात मंत्री होत्या. अट एकच: अपक्षानं निवडून आल्यावर कुठल्या पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानुसार खासदारकी जाते. विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंबा दिला, तो पाठिंबा म्हणजे प्रवेश नव्हे.

खासदार नसलेल्याला मंत्री करता येतं का?

सहा महिन्यांपुरतं. तेवढ्यात दोन्हींपैकी एका सभागृहात यावं लागतं. १९६२ मध्ये चीन युद्धाच्या वेळी नेहरूंनी यशवंतरावांना मुंबईहून थेट संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं तेव्हा ते खासदार नव्हते. नाशिकच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले.

यशवंतरावांनंतर आपल्या दोन जिल्ह्यांतून आघाडी सरकारांत कोण मंत्री झालं?

कराडचे पृथ्वीराज चव्हाण २००४ पासून २०१० मध्ये मुख्यमंत्री होईपर्यंत पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते. दर्जा राज्यमंत्र्याचा, पण सगळ्या खात्यांच्या फाइली जिथून जातात अशा जागी. दर्जापेक्षा जागा मोठी असू शकते याचं हे उदाहरण. सांगलीचे प्रतीक पाटील यूपीएच्या दुसऱ्या सरकारात कोळसा खात्याचे राज्यमंत्री होते. आठवल्यांचं नाव वर आलंच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून गडकरी, गोयल, प्रतापराव जाधव, आठवले, रक्षा खडसे आणि मोहोळ असे सहा जण होते. सातारा आणि सांगली लोकसभा मतदारसंघांतून कुणी नव्हतं.

आमच्या गावचं निवेदन नेमकं कुणाला द्यायचं?

खातं आधी ठरवा, पक्ष नंतर. पुणे-बंगळूर महामार्गाची तक्रार रस्ते वाहतूक खात्याकडे, पुणे-मिरज रेल्वेची रेल्वेकडे. हळदीसाठी जानेवारी २०२५ मध्ये जे राष्ट्रीय मंडळ निजामाबादला सुरू झालं ते वाणिज्य खात्याखाली आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं असल्यानं आपल्या उत्पादकांनी तिकडे लक्ष ठेवावं. बेदाण्याच्या आयात शुल्काचा विषय अर्थ खात्याचा, तो अन्नप्रक्रियावाल्यांच्या हातात नाही. चुकीच्या दारात गेलेलं निवेदन महिनोन्‌महिने फिरत राहतं.

तुमचा खासदार सत्तेत असो वा विरोधात, लोकसभेत प्रश्न विचारायचा त्याचा अधिकार सारखाच. नोटीस निदान १५ दिवस आधी द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी आणि २३० अतारांकित लेखी उत्तरासाठी घेतले जातात. लेखी उत्तर मंत्र्याच्या नावानं छापून येतं आणि ते लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. निवेदनाची एक प्रत मंत्र्याला पाठवा आणि दुसरी खासदाराला, त्यात विचारायचा प्रश्न एका वाक्यात लिहून.